घरांतलें गाणें व अॅम्प्लिफायरची निवड

गेल्या वर्षीं गणेशचतुर्थीच्या दुपारीं आरती आटोपून घरची मंडळी पानांवर बसली होती व बैठकीच्या खोलींत नित्याप्रमाणें बालगंधर्वांची एक जुनी तबकडी लागली होती. तेवढ्यांत आमच्या ध्वनियंत्राची डावी बाजू अकस्मात् मुकी झाली. उजव्या बाजूनें गाणें चालूच होतें, त्यामुळें पुष्कळांच्या तें ध्यानांतहि आलें नाहीं. आमचे ज्येष्ठ बंधु दादा मात्र हातांतला घांस तसाच ठेवून क्षणभर थांबले, डाव्या कानाशीं बोट नेऊन पाहिलें व पुन्हां जेवूं लागले. यंत्र बिघडलें असें त्यांस वाटलेंच नाहीं; आपला डावा कान गेला असें त्यांनीं धरून चाललें. दोन दिवस ते हें कोणाशींहि बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं पुतण्यानें यंत्र उघडून पाहिलें तेव्हां खरा प्रकार बाहेर आला, व दादांच्या तोंडावर जो आनंद आम्हीं पाहिला तो यंत्र बिघडल्याबद्दल कोणास झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

परंतु त्या आनंदांतहि एक कांटा होताच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसास आपला कान गेला असें इतक्या सहज वाटावें, ह्याचा अर्थ ती भीति मनांत पूर्वींपासून घर करून होती.

आम्ही डोंबिवलीस टिळकनगरांत राहतों. शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें मधली भिंत काढून एक केलेलीं; लहानमोठीं धरून माणसें अकरा. आमचे वडील कल्याणास पारनाक्याजवळ एका वाड्यांत राहत असत. १९२६ सालीं स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाच्या बैठकी त्यांनीं सहसा चुकविल्या नाहींत, व पगारांतून वांचवून त्यांनीं दोनशेंच्या आसपास तबकड्या जमविल्या. त्यांत निम्म्या लाखेच्या, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. उरलेल्या पुढच्या काळांतल्या लांब वाजणाऱ्या. वाडा पाडून तेथें इमारत उठली. वांट्यास आलेल्या रकमेंतून दोन लक्ष रुपये सर्वानुमतें "दादांच्या गाण्यासाठीं" म्हणून बाजूस ठेवले होते. आमचें जुनें यंत्र १९८४ सालीं दादांनींच मुंबईस लॅमिंग्टन रोडवरून आणलेलें. तें आतां निवृत्त करावें व ह्या रकमेंतून उत्तमांतला उत्तम अॅम्प्लिफायर घ्यावा, असें पुतण्याचें मत पडलें. दादांची धाकटी सून म्हणाली, "मामंजींच्या कानांची आधीं तपासणी करूं या. यंत्र मग बघूं." वहिनींनीं ह्या सूचनेस मान डोलाविली, दादांनीं डोलाविली नाहीं. कानांत यंत्र घालणें म्हणजे म्हातारपणावर सही करणें, असें त्यांचें म्हणणें.

आम्ही व्यवसायानें शिक्षक. शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत व पुढें पाठशाळेंत संस्कृत. जन्मभर मुलांस शब्दरूपें व अंकगणित शिकविलें. विजेच्या यंत्रांत आमची गति नाहीं. परंतु दोन लक्षांचा प्रश्न घरांत पडला कीं वडीलधाऱ्या माणसास डोळे मिटून बसतां येत नाहीं, म्हणून तीन महिने आम्हीं हा विषय विद्यार्थ्याच्या वृत्तीनें समजून घेतला. आमच्यासारख्या इतर घरांतहि हा प्रश्न हल्लीं येऊं लागला आहे. त्यांस कांहीं उपयोग होईल ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम नांवाचा घोंटाळा दूर करूं. आपल्याकडे "ध्वनिवर्धक" म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें मांडवाच्या खांबावरचा कर्णा येतो. तो स्पीकर होय. अॅम्प्लिफायर म्हणजे त्याच्या मागें असणारी पेटी. तबकडीच्या सुईंतून जी वीज उत्पन्न होते ती व्होल्टाच्या कांहीं सहस्रांशांइतकी असते. ती पहिल्या पेटींत वाढवून, नीट करून, एकदोन व्होल्टांपर्यंत आणतात. दुसरी पेटी तिच्या अंगीं एवढें बळ आणते कीं स्पीकरचा कागदी पडदा ती पुढेंमागें ढकलूं शकेल. ह्या दुसऱ्या पेटीस पॉवर अॅम्प्लिफायर म्हणतात. पुष्कळदां दोन्ही एकाच खोक्यांत असतात, व आमच्या मतें साध्या संसारास तेंच सोयीचें. ह्या पेटीचें कर्तव्य म्हटलें तर एका वाक्यांत सांगतां येतें: आंत जें आलें तेंच, तसेंच, अधिक बळानें बाहेर द्यावें. एवढ्या एका वाक्याकरितां बाजारांत वीस हजारांपासून वीस लाखांपर्यंत किंमती कां, हाच आमचा मूळ प्रश्न.

दुकानांत पहिला शब्द कानांवर पडतो तो वॅट. दोनशें वॅट, तीनशें वॅट; जणूं घोडदळ मोजीत आहेत. येथें आम्हांस अंकगणिताचा उपयोग झाला. प्रत्येक स्पीकरच्या कागदांत एक आंकडा दिलेला असतो: एक वॅट दिला असतां एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो. आमच्या स्पीकरांचा आंकडा सत्त्यांशीं आहे. दादांची आरामखुर्ची अडीच मीटरवर. अंतरामुळें सुमारें आठ डेसिबल कमी होतात. परंतु स्पीकर दोन, व भिंती आवाज परत फेंकतात, त्यामुळें चार तरी भरून येतात. म्हणजे एका वॅटांत खुर्चीपाशीं त्र्याऐंशीं. आतां घरांत नित्य ऐकण्याचा आवाज पंचाहत्तरांच्या आसपास असतो. डेसिबलांचें गणित असें कीं तीन वाढले तर वॅट दुप्पट लागतात, दहा वाढले तर दसपट. तेव्हां पंचाहत्तरांसाठीं एका वॅटाचा सहावा हिस्सा पुरतो! तबल्यावर एखादी जोराची थाप पडली किंवा गायकानें तार षड्जावर आवाज फेंकला तर तो क्षण सरासरीहून अठरा डेसिबल वर जाईल असें धरा. मग त्र्याण्णव झाले, व त्याला दहा वॅट लागले.

दहा! हें उत्तर आल्यावर आम्हीं तें तीनदां तपासून पाहिलें, कारण पुतण्यानें ज्याची जाहिरात आणली होती त्या यंत्राची शक्ति त्याच्या पंचवीसपट होती. पुतण्यानें गणित मान्य केलें, पण एक रास्त आक्षेप घेतला. वॅटाचा आंकडा आठ ओहमांच्या स्पीकरवर मोजलेला असतो. प्रत्यक्षांत स्पीकरचा विरोध प्रत्येक स्वरास निराळा असतो व कांहीं ठिकाणीं तो तीनचार ओहमांपर्यंत उतरतो. तेथें यंत्रानें दुप्पट प्रवाह पुरवावयास पाहिजे. ज्याचा ट्रान्सफॉर्मर व वीज सांठविणारे कपॅसिटर भक्कम, तो आठ ओहमांस पन्नास वॅट देत असेल तर चारांस शंभराच्या जवळ जातो. ज्याचे लेचेपेचे, तो सत्तरांवरच बसतो, व नेमकी मोठी तान आली कीं तिचीं शिखरें कापून टाकतो. म्हणून केवळ वॅट न विचारतां "चार ओहमांस किती?" असें विचारावें. आम्हीं दुकानांत हा प्रश्न विचारला तेव्हां विक्रेत्यानें आम्हांस बसावयास खुर्ची दिली.

मोठ्या शक्तीचा आणखी एक विचार आहे, तो शेजाऱ्यांचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. त्यांत वस्तीच्या भागास दिवसा पंचावन्न व रात्रीं दहानंतर पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा आहे. आमच्या भिंती जेमतेम चार इंचांच्या. अडीचशें वॅट घेऊन ते ठेवावे कोठें?

ह्यानंतर जातींचा प्रश्न. अॅम्प्लिफायरांतहि वर्ग आहेत: ए, एबी, डी. हीं परीक्षेंतल्या श्रेणींसारखीं गुणवत्तेचीं नांवें नव्हेत, केवळ कार्यपद्धतीचीं, परंतु आमच्या घरांतल्या मंडळींनीं प्रथम "ए घ्या, डी कशाला?" असाच कौल दिला. तेव्हां प्रत्यक्ष ऐकल्यावांचून निर्णय नको असें ठरलें.

ए वर्ग ऐकण्यास आम्ही ठाण्यास नौपाड्यांत पुतण्याच्या एका स्नेह्याकडे गेलों. ठाण्याला आवाजाचा वारसा दुहेरी आहे: संगीतभूषण पंडित राम मराठे यांचें वास्तव्य तेथें होतें, व मर्फी रेडिओचा कारखानाहि एके काळीं त्याच शहरांत होता. असो. स्नेह्यांचें यंत्र दर बाजूस तीस वॅटांचें, वजन चाळीस किलो. तें तिसऱ्या मजल्यावर चढवितांना दोन हमालांनीं वाटेंत एकदां मजुरी वाढवून मागितली असें त्यांनीं सांगितलें. ए वर्ग व इतर वर्ग ह्यांतला भेद वहिनींस समजावून देण्यास आम्हांस रवीचा दाखला सुचला. ताक घुसळतांना एक हात दोरी ओढतो तेव्हां दुसरा सैल सोडतो. यंत्रांतहि दोन ट्रान्झिस्टर असेच आळीपाळीनें काम करतात. एकाचें काम संपून दुसऱ्याचें सुरू होतें त्या संधिक्षणीं दोरीला किंचित् झोळ पडतो. तो झोळ म्हणजे गाण्यांतला खरखरीतपणा. ए वर्गांत दोन्ही हात सदैव ताणलेले असतात, झोळ पडतच नाहीं. परंतु ताक असो वा नसो, हात दुखतच राहतात. एबी वर्गांत दोन्ही हात दोरीला बेताचा ताण ठेवतात; हळू गाण्यांत ए-सारखें, मोठ्या गाण्यांत आळीपाळीनें.

हात दुखणें म्हणजे उष्णता. ए वर्गाची कार्यक्षमता उत्तम परिस्थितींतहि निम्म्याहून अधिक नसते, व्यवहारांत पुष्कळच कमी. स्नेह्यांचें यंत्र गाणें हळू असो वा बंद असो, सुमारें तीनशें वॅट खात असे. रोज तीन तास धरले तर महिन्यास सत्तावीस युनिट होतात. बिलाचें फारसें नाहीं. पण वैशाखांत डोंबिवलीच्या बंद खोलींत तीनशें वॅटांची शेगडी पेटवून मारवा ऐकावयाचा, ही कल्पनाच घाम आणणारी. स्नेही उन्हाळ्याचे दोन महिने यंत्र झांकून ठेवतात. आवाज मात्र सुरेख होता. स्वच्छ, शांत, कोठें कर्कश नाहीं. परतीच्या लोकलमध्यें दादा म्हणाले, "छान आहे. पण असें घरांत पाहुण्यासारखें वागणारें यंत्र मला नको."

कल्याणास एका वृद्ध गृहस्थांकडे आम्हीं व्हॉल्व्हचें यंत्र ऐकलें. कांचेच्या नळींतून वीज वाढविण्याची युक्ति ली डी फॉरेस्ट ह्यानें १९०६ सालीं काढली. १९४७ सालीं विल्यमसन नांवाच्या अभियंत्यानें इंग्लंडांतील "वायरलेस वर्ल्ड" मासिकांत व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची एक रचना प्रसिद्ध केली, तेव्हांपासून घरगुती उत्तम ध्वनीचें युग सुरू झालें असें मानतात. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह मागें पडले, पण मेले नाहींत. आपल्या पुण्यांतल्या केडन्स ह्या उद्योगानें व्हॉल्व्हचीं यंत्रें व विद्युत्पटलाचे स्पीकर बनवून परदेशींहि नांव मिळविलें, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक असावयास हवी. त्या गृहस्थांनीं दिवे मालवून, समईसारख्या तांबूस उजळलेल्या नळ्यांपुढें अब्दुल करीमखांसाहेबांची तबकडी लाविली. तो पाऊण तास आम्ही विसरणार नाहीं. आवाज भरदार, कांठ गोलाकार. त्याचें कारण पुतण्यानें वाटेंत सांगितलें. व्हॉल्व्हच्या यंत्राचा स्वतःचा विरोध मोठा असतो, त्यामुळें स्पीकरचा विरोध जसा बदलेल तसा आवाजहि किंचित् बदलतो. शिवाय तें जी भेसळ करतें ती बहुधा मूळ स्वराच्या वरच्या सप्तकांतल्या स्वराची, म्हणून कानास गोड लागते. गोड असली तरी ती भेसळच. ज्याला हवी त्यानें खुशाल घ्यावी. आमच्या घरांत अडीच वर्षांचा पणतू आहे, नळ्या बोट भाजण्याइतक्या तापतात, व आंत चारशें व्होल्ट खेळत असतात. यंत्रास जाळी असते हें खरें, पण आमच्या पणतूनें आजवर कोणती जाळी सोडली आहे? नळ्याहि कांहीं हजार तासांनीं बदलाव्या लागतात. तो विषय तेथेंच संपला.

डी वर्गासाठीं फार लांब जावें लागलें नाहीं. फडके रोडच्या पलीकडे एका तरुण डॉक्टरांकडेच तो होता. दोन हातांत मावेल एवढी पेटी, हाताला थंड, आणि शक्ति दर बाजूस सव्वाशें वॅट. डी म्हणजे डिजिटल असा समज आहे तो चुकीचा. येथें ट्रान्झिस्टर मधल्या स्थितींत कधींच राहत नाहींत. एक तर पूर्ण उघडे, नाहीं तर पूर्ण बंद, सेकंदास कांहीं लक्ष वेळां. उघडे किती वेळ व बंद किती वेळ ह्या प्रमाणांत गाणें लिहिलेलें असतें. शेवटीं एक गाळणी ती थरथर काढून टाकते व गाणें तेवढें उरतें. वायां जाणारी वीज दहा टक्क्यांच्या आसपास. १९६४ सालीं इंग्लंडांत सिंक्लेअर ह्यांनीं अशी पेटी विक्रीस आणली ती साफ फसली, त्यामुळें ह्या वर्गाचें नांव बरेच दिवस बद्दू होतें. ह्या शतकाच्या आरंभीं फिलिप्स कंपनींत काम करणाऱ्या ब्रुनो पुट्झीस ह्या बेल्जियन अभियंत्यानें त्यांतले दोष काढले, आणि आज मोजमापांत कांहीं डी यंत्रें सर्वांच्या पुढें आहेत.

हे दोष निघाले ते एका जुन्या तत्त्वामुळें, व तें तत्त्व आम्हांस इतकें आवडलें कीं थोडें विषयांतर करतों. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं हॅरॉल्ड ब्लॅक नांवाचा एकोणतीस वर्षांचा अभियंता हडसन नदीच्या नावेंतून न्यूयॉर्कला कामावर चालला होता. आपली मंडळी आठ वाजतांची लोकल धरते तसाच. टेलिफोनच्या तारांवर शेंकडों अॅम्प्लिफायर एकामागून एक लावल्यानें आवाज बिघडत जाई, आणि त्यावर तो कित्येक वर्षें डोकें खपवीत होता. नावेंत त्याला एकदम सुचलें कीं बाहेर पडलेला आवाज थोडासा परत आंत आणावा, मूळाशीं ताडून पाहावा, व जेवढा फरक तेवढा उलटा मिसळून दोष मारून टाकावा. जवळ कागद नव्हता. हातांतल्या "न्यूयॉर्क टाइम्स"च्या पानावरच त्यानें आकृति काढली. आम्हीं हें वाचलें तेव्हां आम्हांस संथा आठवली. गुरुजी म्हणत, शिष्य म्हणे. शिष्याच्या उच्चारांत जेवढें चुके तेवढें गुरुजी तत्क्षणीं दुरुस्त करीत. ऱ्हस्वदीर्घाचाहि फरक न पडतां पाठ पिढ्यान् पिढ्या टिकला तो ह्याच युक्तीनें. आजच्या बहुतेक चांगल्या अॅम्प्लिफायरांत ही संथा सेकंदास लाखों वेळां चाललेली असते.

मग ह्या सुधारलेल्या यंत्रांत कानांस कळेल असा भेद कितीसा उरला? १९७८ सालीं इंग्लंडांत क्वाड कंपनीच्या तीन अॅम्प्लिफायरांची जाणत्या श्रोत्यांसमोर पडदा लावून परीक्षा झाली. एक व्हॉल्व्हचा जुना, दोन ट्रान्झिस्टरचे. कोणता वाजतो आहे हें श्रोत्यांस निश्चयानें सांगतां आलें नाहीं. हें वाचून आम्हीं घरींच परीक्षा घेण्याचें ठरविलें. परीक्षा घेणें हा तर आमचा जन्माचा धंदा. दुकानदारानें अनामत ठेवून पन्नास वॅटांचा एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर एका शनिवार-रविवारसाठीं दिला. डॉक्टरांनीं आपली डी पेटी दिली.

प्रथम पेट्या डोळ्यांसमोर ठेवून सर्वांस विचारलें. एबीची पेटी मोठी, पुढचा पत्रा जाड, दर्शनी बटण चांदीसारखें. नऊपैकीं सात जणांनीं तिचा आवाज "अधिक भारदस्त" ठरविला. नंतर पुतण्यानें दोन्हींचा आवाज चारशें कंपनांच्या स्वरावर मीटरनें मोजून तंतोतंत सारखा केला. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. एक यंत्र अर्धा डेसिबल जरी मोठें वाजलें तरी कानास तें मोठें वाटत नाहीं, चांगलें वाटतें. दुकानांतली निम्मी विक्री ह्याच भ्रमावर चालते. मग पेट्यांवर वहिनींचें जुनें नऊवारी टाकून, नाणें उडवून, सोळा वेळां प्रत्येकास विचारलें. दादांचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं, पुतण्याचीं आठ, आमचीं सात, बारा वर्षांच्या नातीचीं दहा. सोळांत बारा वा अधिक उत्तरें केवळ दैवयोगानें बरोबर येण्याचा संभव शेंकडा चारांहूनहि कमी असतो. तेव्हां बारा हें आम्हीं उत्तीर्णतेचें माप ठेवलें होतें. सर्वजण नापास. पुढच्या रविवारीं कल्याणच्या गृहस्थांनीं हौसेनें आपलें व्हॉल्व्हचें यंत्र मांडीवर घेऊन रिक्षानें आणलें. तेव्हां मात्र नातीनें सोळांत तेरा ओळखलीं. दादांनीं दहा. तेव्हां सर्वच यंत्रें एकसारखीं असें आम्ही म्हणत नाहीं; चांगल्या रीतीनें बांधलेल्या, आपल्या शक्तीच्या मर्यादेंत वाजणाऱ्या व स्वतःची भेसळ न करणाऱ्या यंत्रांतला भेद आमच्या घरांत कोणास ऐकूं आला नाहीं, एवढेंच म्हणतों. स्थालीपुलाकन्यायानें एक शीत दाबून पाहिलें. वाचकांनीं आपल्या पातेल्यांतलें दाबून पाहावें.

मग निवड करावी कशावरून? आमच्या मतें घराच्या परिस्थितीवरून. डोंबिवलीच्या हवेविषयीं वाचकांस काय सांगावें. येथें २०२० सालीं रसायनांनीं रस्ता गुलाबी झाला होता. ज्या हवेंत देवाचीं चांदीचीं उपकरणीं आठ दिवसांत काळवंडतात त्या हवेंत यंत्रांतलीं जोडकामें कां काळवंडूं नयेत? आमचें जुनें यंत्र उघडल्यावर हेंच निघालें. स्पीकरचें रक्षण करणारा एक छोटा विजेचा खटका असतो, त्याचें टोंक काळें पडून डावी बाजू बंद झाली होती. शिवाय चाळीस वर्षांत कपॅसिटर वाळले होते, व एका कोपऱ्यांत सुकलेली पाल होती. ठाण्याच्या एका जुन्या कारागिरानें खटका व कपॅसिटर बदलून दिले. त्यानें दिलेला सल्ला आम्हीं वहींत लिहून ठेवला: ज्याचा नकाशा मिळतो व ज्याचे भाग बाजारांत मिळतात तें यंत्र घ्यावें. ह्या कसोटीवर डी वर्ग थोडा मागें पडतो, कारण त्याची पट्टी बहुधा दुरुस्त करीत नाहींत, सबंध बदलतात. तारांविषयीं एकच सांगतों: एका विक्रेत्यानें दोन मीटर तारेचे अठरा हजार सांगितले, आम्हीं विजेच्या दुकानांतून जाड तांब्याची साधी तार आणली.

आतां कानांकडे येऊं. दादांस तपासणीस नेण्याचें काम शेवटीं सुनेनेंच केलें. "मामंजी, यंत्राची परीक्षा झाली, आतां तुमची," असें म्हणून तिनें त्यांस रिक्षांत बसविलें. तपासणींत निघालें तें असें कीं दोन्ही कान सारखेच, मंद्र व मध्य स्वर बरे, उंच कंपनें मात्र बरींच गेलेलीं. म्हणजे शब्दांतलीं स, श, त, फ हीं व्यंजनें त्यांस पुसट ऐकूं येत. वहिनी जें पुटपुटतात तें त्यांस ऐकूं येत नसे, तें ते दुर्लक्ष नव्हतें.

येथें आम्हांस एक मौज दिसली. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें, त्यापूर्वीं कर्ण्यांत तोंड घालून गात. विजेनें मुद्रित केलेल्या जुन्या लाखेच्या तबकड्यांतहि पांचसहा हजार कंपनांच्या वर फारसें कांहीं नाहीं. म्हणजे दादांच्या कानांनीं जें गमावलें तें वडिलांच्या लाखेच्या तबकड्यांत मुळांत नव्हतेंच! बालगंधर्व त्यांस जवळजवळ पूर्वींइतकेच ऐकूं येत होते. ऐकूं येत नव्हतीं तीं घरचीं माणसें. जें खांचेंत नाहीं तें कोणताहि अॅम्प्लिफायर, मग तो वीस लाखांचा कां असेना, देऊं शकत नाहीं. आणि जें कानांत नाहीं तेंहि नाहीं. पुतण्यानें कागद घेऊन दोन लक्षांची पुन्हां वांटणी केली. पन्नास वॅटांचा तोच एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर, सत्तर हजारांचा. बाकीची रक्कम दोन श्रवणयंत्रांस. जुनें यंत्र नातीच्या खोलींत गेलें.

दादांनीं दोन दिवस रुसवा धरला व तिसऱ्या दिवशीं यंत्रें कानांत घातलीं. पहिल्याच संध्याकाळीं भलताच प्रकार झाला. हिराबाई बडोदेकरांची लांब तबकडी लाविली तर दादा घाबरून म्हणाले, "तंबोरा थरथरतोय!" आम्हांस तर तो स्थिर ऐकूं येत होता. पुन्हां तज्ज्ञांकडे गेल्यावर उलगडा झाला. श्रवणयंत्रें बोलणें ऐकण्याकरितां केलेलीं असतात. अखंड चालणारा एकच स्वर म्हणजे आपलीच शिट्टी असें समजून तीं तो दाबूं पाहतात, व मोठा आवाज स्वतःहून लहान करतात. तंबोरा म्हणजे अखंड स्वरच. तज्ज्ञांनीं ह्या दोन्ही युक्त्या बंद असलेला, गाण्यासाठीं एक निराळा प्रकार त्यांत बसवून दिला. बटण दाबलें कीं तो लागतो. ज्यांच्या घरीं गाणें आहे व कानांत यंत्र यावयाचें आहे त्यांनीं ही गोष्ट पहिल्याच भेटींत मागून घ्यावी; आपण होऊन कोणी सांगत नाहीं.

तेव्हांपासून दादांची एक नवी तक्रार सुरू आहे. तबकड्यांवरची खरखर त्यांस दहा वर्षांत ऐकूं आली नव्हती, ती आतां येते. दोष अॅम्प्लिफायरचा नव्हे, धुळीचा. लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये, लाख विरघळते. साध्या शुद्ध पाण्यांत साबणाचा एक थेंब टाकून, मऊ कुंचल्यानें खांचेच्या दिशेनें पुसावें व मधला कागद भिजूं देऊं नये. दर रविवारीं सकाळीं आम्ही व नात बाल्कनींत हें काम करतों, आणि दादा आंतून एकेक वाजवून नापास झालेल्या परत पाठवितात. एकशें चाळीस झाल्या आहेत; साठ राहिल्या आहेत.